कागदाची दोरी

टक्.

एवढाच आवाज. कॉफीचा कप माझ्या ओठांपाशी होता, तो तिथंच राहिला. फ्रीजची घरघर नुकतीच थांबली होती, खाली चौकात सायकलींची ये-जा नव्हती, आणि त्या शांततेत तो आवाज असा पडला की कुठं पडला तेही दिसलं. टेबलापलीकडे, खिडकीकडच्या खुर्चीत. तिच्या बैठकीची एक दोरी, पुढच्या कडेपासून बोटभर आत, तुटली होती आणि तुटलेलं टोक वर उभं राहून थरथरत होतं. खुर्चीवर कोणी नव्हतं. शुक्रवारपासून कोणी नव्हतं. एखादा माणूस धपकन बसला आणि दोरी तुटली तर समजण्यासारखं आहे. रिकाम्या खुर्चीला असं काय होत असेल? मी कप खाली ठेवला आणि खुळ्यासारखी म्हणाले, "आस्टा?" आस्टा माझी मुलगी, येत्या उन्हाळ्यात शाळेत जाईल एवढी, आणि ती तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या बाबाकडे होती. एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. तिच्या बालवाडीतल्या निम्म्या पोरांचं असंच आहे. शुक्रवारी सकाळी एकानं सोडायचं, दुपारी दुसऱ्यानं आणायचं. मधल्या वेळात तिची कपड्यांची पिशवी कोटाच्या खुंटीखाली बसून असते, आणि आम्हा दोघांना भेटते ती काय ती पिशवीच. त्या आठवड्यात माझ्या घरात माझा एक कप, एक ताटली आणि एक चमचा एवढंच हलतं. बाकी सगळं जिथल्या तिथं. आणि आता जिथल्या तिथं असलेल्यातलं एक तुटलं होतं.

मी जवळ जाऊन ते टोक बोटानं दाबलं. सोडलं की पुन्हा वर. त्या खुर्चीच्या पाठीची वरची कड मला डोळे मिटूनही ओळखू येते, कारण तिच्या डाव्या वळणावर दातांच्या खुणा आहेत. आस्टा जेमतेम उभी राहायला लागली होती, खुर्चीला धरून उभी राहायची, आणि दात येत होते म्हणून ओकचं लाकूड उंदरासारखं कुरतडायची. लाळेनं भिजलेलं लाकूड आणि त्यावर चार बारीक खड्डे. येप्पे, म्हणजे तेव्हाचा माझा नवरा, म्हणाला होता, "बघ, सही केली हिनं. आता ही खुर्ची विकता येणार नाही." काल संध्याकाळी त्याच येप्पेचा निरोप फोनवर आला होता. ऑगस्टपासून त्याला ऑर्हुसला नोकरी मिळाली आहे. तिथून इथं ओडेन्सला रोज शाळेत आणणं शक्य नाही, तेव्हा आठवड्याआडचं हे आता चालायचं नाही. आस्टानं त्याच्याकडे राहावं असं त्याला वाटतं. मालेनेलाही वाटतं. मालेने आता त्याच्याबरोबर राहते. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या माझ्या. "शुक्रवारी मीच तिला घेऊन येतो, तेव्हा बोलू. आणि तुझी हरकत नसेल तर तिची ती दातांची खुर्ची गाडीत टाकून नेईन. तिकडे ती तीच मागते." किती नीट लिहिलं होतं. त्याचं सगळं असंच नीट असतं, दार लोटतानाही आवाज होत नाही. मुलीबद्दलचं मी बातम्यांत दूरच्या पुराचं वाचावं तसं वाचलं. निरोपातल्या खुर्चीपाशी आले आणि मग मला बसावं लागलं.

सहा होत्या त्या. एकेक करून आलेल्या. सहा खुर्च्या एकदम घेणारा माणूस आमच्याकडे जरा उथळ समजतात, दात सगळे एकदम बसवल्यासारखा. पहिली मी चष्म्याच्या दुकानात लागले तेव्हा, पहिल्या पगारातून. ती येप्पेनं सायकलच्या पुढच्या खोक्यात उलटी घालून आणली, चार पाय आकाशाकडे, आणि पुलावर भेटलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून तिला नमस्कार केला. एक माझ्या तिसाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून. एक लग्नात. एक, येप्पेचे वडील वारले तेव्हा त्यांच्या घरातून, बाकीच्यांपेक्षा जुनी, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली. टेबलाभोवती एकेक जागा भरत गेली तसं आमचं लग्नही भरत गेलं असं मला वाटायचं, आणि लग्न मोडलं तेव्हा तीन-तीन वाटून घ्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सोफ्यावरून भांडलो. खुर्च्यांवरून नाही.

लोक विचारतात, एवढं काय आहे त्या खुर्चीत? दुकानात काचेआड ठेवलेली पाहिली तर काहीच नाही. वाफेवर वाकवलेली एक लांब काठी, ती पाठीमागून फिरून दोन्ही कोपरांपर्यंत येते आणि तिथंच थांबते, पुढे हात पसरत नाही. पाठीला टेका म्हणून मध्ये पक्ष्याच्या छातीतल्या हाडासारखी दुबेळकी फळी. मागचे पाय वर चढताना जरा वळतात, कुणी हाक मारल्यावर माणूस वळावा तसे. दुसरं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा ज्यानं ती कागदावर काढली, त्यानं म्हणे जुन्या चिनी खुर्च्यांची चित्रं पाहिली होती, बड्या लोकांच्या ताठ बसायच्या खुर्च्यांची; आणि त्यातलं ताठपण तेवढं काढून टाकलं. तेच आहे तिच्यात. तिच्यावर सरळ बसता येतं, पण तिरकंही बसता येतं, एक पाय पोटाशी घेऊन बसता येतं, उलटं बसून पाठीवर हनुवटी टेकवता येते. आस्टाला पाजायचे तेव्हा मी अशीच तिरकी बसायचे, कोपर त्या वळणावर, आणि तेवढ्याच उंचीवर तिचं डोकं यायचं. मोजून केल्यासारखं. मला तेव्हा खरंच वाटायचं की त्या माणसाला ठाऊक होतं. पहाटे दूध पिताना ती दोरीच्या रांगांमध्ये बोट घालायची, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, आणि झोप लागली की बोट तिथंच अडकून राहायचं.

आणि साबण. दर वसंतात पहिल्या उबदार रविवारी आम्ही सहाच्या सहा खाली चौकात नेऊन मांडायचो. बादलीत कोमट पाणी, त्यात पांढऱ्या साबणाचा चुरा, फेटून दह्यासारखा फेस, आणि फडक्यानं लाकडाच्या रेषेरेषेनं पुसत जायचं. असं लाकूड पांढुरकं राहतं, समुद्रानं काठावर टाकलेल्या फांदीसारखं, आणि हाताला मऊ लागतं. डाग पडतात, पण पुढच्या वसंतात धुतले की जातात. येप्पेच्या दंडांवर फेस असायचा, वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून ओरडायची, "माझ्या नवऱ्यालाही घ्या रे धुवून!" गेल्या शरदात आस्टाला ताप आला म्हणून मी पहिल्यांदा येप्पेच्या नव्या घरी, आत, स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथं टेबलाशी त्याच्या तीन खुर्च्या होत्या, आणि त्या पिवळ्या होत्या. मधासारख्या. तेल लावलं होतं. "मालेनेनं लावलं," येप्पे म्हणाला, "उजळल्या ना?" मी काहीतरी म्हणाले. लाकूड साबण धरून ठेवत नाही, पण तेल पितं, आणि एकदा प्यायलं की परत देत नाही. मालेनेला एक वेळ ठाऊक नसेल. येप्पेला ठाऊक होतं. तोपर्यंत मी कुणालाच, अगदी स्वतःलाही सांगितलं नव्हतं की माझ्या मनात त्या खुर्च्या अजून सहा आहेत. तीन इथं, तीन तिथं, पण सहा. त्या दिवशी तापलेल्या मुलीला पाठुंगळीला घेऊन जिना उतरताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या तीनच आहेत. घटस्फोटाचे सहीशिक्के दीड वर्षापूर्वीच झाले होते. कळलं तेव्हा.

दोरीचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी मावशीला फोन लावला. इंगेर मावशी, आईची बहीण. ती आणि या खुर्चीचा नमुना एकाच वयाचे, आणि तिनं तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत या खुर्च्यांच्या बैठकी विणल्या, आधी कारखान्यात, मग पोरं लहान असताना घरी.

"काय गं मारेन, जिवंत आहेस?"

"खुर्चीची दोरी तुटली, मावशी."

"अरे वा! चांगला वजनदार गाठलेला दिसतोय. नाव काय त्याचं?"

"कोणी बसलं नव्हतं. आपोआप तुटली."

पलीकडे तिचा पोपट शिट्टी घालत होता. "हीटर कमी कर," ती म्हणाली. "कागद आहे तो, बाई. पिळलेला कागद. त्याला माणसाची ओल लागते. कोणी बसतं, घामेजतं, पोरं दूध सांडतात, त्यावर जगते ती दोरी. नुसती ठेवून दिली की वाळते आणि मग तुटते."

"एवढीच सांधता येईल?"

"येईल की. पण एक गेली म्हणजे बाकीच्या रांगेतच उभ्या असतात. उद्या येते मी. केक आणू नकोस, तुमच्या शहरातला केक म्हणजे हवा."

दुसऱ्या दिवशी ती आली, पाठीवर दोरीचं एवढं मोठं वेटोळं घेऊन, बसमधल्या ड्रायव्हरशी भांडून. तिची बोटं आता वाकतात आणि वाकली की सरळ होत नाहीत, म्हणून ओढायचं मी आणि बोलायचं तिनं असं ठरलं. जुनी बैठक आधी कापून काढली. सुरीनं, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि मधला भाग सुटून खाली लोंबला तसं आतून खळखळ करत काहीतरी जमिनीवर पडलं. काळ्या पावाच्या कडा. वाळून लाकूड झालेल्या, ओळीनं चावलेल्या. बैठकीचे वरखाली दोन थर असतात आणि कडेला बोट जाईल एवढी फट; त्या फटीतून आस्टानं कितीतरी महिन्यांच्या कडा आत सरकवल्या होत्या. आणि मी रोज म्हणत होते, शाबास, ताटली कशी चकाचक.

"उंदरांची चांगली सोय केली होती पोरीनं," मावशी म्हणाली. "अगदी तुझ्यासारखी. तू ताटातलं लिव्हर मोज्यात लपवायचीस."

मी हसले, खूप हसले, आणि एक कड एप्रनच्या खिशात टाकली. बैठक नसलेली खुर्ची मी पहिल्यांदाच पाहत होते. चौकट आणि आत जमीन. दोरी पाण्यात ओझरती बुडवून घेतली, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांपासून सुरुवात केली, कारण बैठक पुढे रुंद असते आणि मागे अरुंद. आधी ती तफावत भरून काढायची, मग चारी कोपऱ्यांतून फिरत फिरत मध्याकडे यायचं. वर, खाली, वळण, ओढ. वर, खाली, वळण, ओढ. मावशी खिडकीत बसून कॉफी पीत होती आणि माझ्या हातांवरून तिची नजर हलत नव्हती.

"ओढ. अजून. नवऱ्याला जाऊ दिलंस तसं तिला जाऊ देऊ नकोस."

मी ओढली. पुढच्या रांगेला तीच म्हणाली, जरा हळू आवाजात, "माझी आई सांगायची, लढाईत जहाजं बंद झाली. दोरी वळायला समुद्राकाठचं गवत यायचं परदेशातून, ते बंद. मग ही कागदाची दोरी काढली, तात्पुरती. कॉफीही तात्पुरती होती तेव्हा, भाजलेल्या जवाची. लढाई संपली त्या दिवशी लोकांनी जवाची कॉफी गटारात ओतली. दोरी कुणी टाकली नाही. गवत परत आलं तरी राहिली ती. लढाईतल्या दोनच गोष्टी टिकल्या आमच्या घरात, कागदाची दोरी आणि तुझ्या आजीचा स्वभाव."

तात्पुरतं. आम्हीही तेच म्हणालो होतो, येप्पे आणि मी, एक आठवडा तुझा, एक माझा, सध्यापुरतं, आस्टाला झेपतंय का बघू. तिला झेपलं. मला झेपलं नाही, पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. रिकाम्या आठवड्यात मी तिच्या उशीचा अभ्रा धूत नाही, एवढंच. हात चालू असतानाच मी मावशीला येप्पेचा निरोप सांगितला. ऑर्हुस, शाळा, खुर्ची. तिनं कप खाली ठेवला.

"मग ही विणतेयस कोणासाठी?"

"ते उद्या ठरेल."

"मी कितीतरी विणल्या. कुठल्या घरी गेल्या, कोण बसलं, मला ठाऊक नाही. विणणाऱ्यानं विचारू नये."

"ही माझी आहे, मावशी."

"तेच तर म्हणते," ती म्हणाली, आणि दोरीचं टोक माझ्याकडे सरकवलं. शेवटची गाठ तिनं माझ्याकडून खालच्या बाजूला मारून घेतली. वरून दिसता कामा नये. मग लाकडाच्या ठोकळ्यानं रांगा सरळ केल्या, आणि ती बस पकडायला गेली. जाताना जिन्यात म्हणाली, "आज बसू नकोस तिच्यावर. सुकली की आवळते. नंतर महिनाभर बोलेल, बोलू दे." संध्याकाळभर मी त्या खुर्चीसमोर बसून होते. मेणबत्ती लावली होती, पाव खाल्ला, कडेसकट. ओल्या कागदाचा वास येत होता, पावसात राहिलेल्या वर्तमानपत्रासारखा. येप्पेला काय सांगायचं ते मी ठरवत होते आणि प्रत्येक वेळी माझं वाक्य खुर्चीपासून सुरू होत होतं.

शुक्रवारी दुपारी ते दोघं आले. आस्टा बूट न काढताच आत धावली आणि येप्पे पायपुसण्यावर उभा राहिला, पाहुण्यासारखा, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

"नवी विणलीस?" दारातूनच दिसत होती ती. "अगं, एवढं कशाला? आम्ही केलं असतं."

"तिच्यात हे सापडलं." मी खिशातली कड काढून त्याच्या हातावर ठेवली. मला वाटलं तो हसेल. हसला, पण नाही कळलं त्याला. "पावाची कड?"

"लपवायची ती. बैठकीत. बरेच महिने."

"लपवायची?" तो म्हणाला. "आमच्याकडे सरळ सांगते की. 'ई, मला नको,' म्हणते आणि ताटलीच्या काठावर ठेवते. मालेने खाऊन टाकते."

तो ते मुद्दाम म्हणाला नव्हता. येप्पे मुद्दाम काही करत नाही. पण माझ्या आत काहीतरी सैल झालं, ओढून धरलेलं. तिकडे माझी मुलगी नको म्हणते. इकडे ती मला शाबास म्हणू देते. मी दोन दिवस जे वाक्य जुळवत होते त्याच्या मध्येच हे येऊन बसलं, आणि क्षणभर वाटलं की उचलावी खुर्ची, द्यावी त्याच्या हातात, म्हणावं, ने. दोघींनाही ने. मागे स्वयंपाकघरात आस्टा आपल्या बाहुलीला कोट काढायला सांगत होती, "हो, इथंच. आता इथं आहोत ना आपण."

"खुर्ची इथं राहील," मी म्हणाले.

"बरं. ठीक आहे. खुर्चीचं काही नाही."

"आणि ती पण. शाळा इथलीच."

किल्ली फिरायची थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहिलं. "असं नाही ठरवता येत, मारेन. दारात उभं राहून."

"आत ये मग."

तो आत आला नाही. "मग सरकारी कचेरीत बसून ठरवावं लागेल," तो हलकेच म्हणाला. "मला ते नको होतं." मलाही नको होतं, आणि मी तसं म्हणालेही. त्यानं मान हलवली. मग आवाज चढवून "आस्टा, बाबा निघाला!" म्हणाला, ती धावत येऊन त्याच्या पायाला बिलगली, त्यानं तिच्या टोपीतून केसांचा वास घेतला, मी घेते तस्साच. ती कड त्यानं परत दिली नाही. कोटाच्या खिशात घालून घेऊन गेला. दार लोटलं, आवाज झाला नाही.

मी दूध ओतत असताना आस्टा तिच्या खुर्चीवर चढली. कर्र. ती दचकून उतरली, पुन्हा बसली. कर्र-कर्र. खदखदून हसली आणि मुद्दाम या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर डोलायला लागली.

"ही बोलते!"

"नवी आहे ना. दोरी अजून अवघडलेली आहे. तू बसत राहिलीस की सैलावेल, मग नाही बोलणार."

"रोज बसायचं?"

"रोज."

तिनं कडेची फट शोधायला बोट घातलं. नव्या दोरीत फट अजून घट्ट होती, बोट जाईना. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं आणि पावाच्या कडा कापून तिच्या ताटलीत मऊ भाग तेवढा ठेवला. हात मागे नेऊन तिनं पाठीच्या वळणावरच्या दातांच्या खुणा चाचपल्या, चारही, एकेक करून, जागेवर आहेत ना ते बघावं तशा. दूध प्यायली, ओठांवर पांढरी मिशी आली. जरा वेळ खुर्ची बोलत होती आणि आम्ही दोघी ऐकत होतो. मग ती डोलायची थांबली.

"आई, बाबाकडे पण माझी एक खुर्ची आहे. पिवळी."

"हो गं. पाहिलीय मी."

"मी रोज इथं बसले, तर ती तिकडे एकटी काय करेल?"